२० लिटरचा लोखंडी जेरीकॅन: वापरून लिहिलेला रिव्ह्यू, मध्ये बरंच युद्ध आहे

सरळ सांगतो, हा रिव्ह्यू एका पत्र्याच्या डब्याचा आहे आणि तो लांबणार आहे. २० लिटरचा लोखंडी जेरीकॅन, मिलिटरी टाइपचा, दोन्ही बाजूंना मोठी फुली दाबलेली, डोक्यावर तीन हँडलं, तोंडाला लिव्हरवालं झाकण. जनरेटरच्या इंधनासाठी आणि लांबच्या प्रवासात गाडीमागं जादा डिझेल असावं म्हणून घेतले, आता बरेच दिवस रेटून वापरतोय. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कशाचा कापला ते खाली येईलच. ज्यांना फक्त 'घेऊ की नको' एवढंच हवंय त्यांनी घ्या आणि इथूनच निघा, काही बिघडत नाही. बाकीच्यांनी बसा, कारण मला लढायांच्या इतिहासाचं वेड आहे आणि त्यातही रणगाडे-विमानांपेक्षा रसदीचं जास्त, त्यामुळं हा डबा हातात असताना 'क्वालिटी मस्त, डिलिव्हरी वेळेत' एवढं लिहून सुटणं मला जमणार नाही.

आधी हँडलं. एकाच्या जागी तीन पट्ट्या का, हे दुकानात बघून कळत नाही, उचलल्यावर कळतं. भरलेला डबा एकट्यानं न्यायचा असेल तर मधली पट्टी धरायची, वजन बरोबर मधोमध येतं आणि डबा पायावर आपटत नाही. दोघांनी न्यायचा तर कडेची एकेक पट्टी एकेकाची. रिकामे डबे असतील तर दोन शेजारी-शेजारी ठेवायचे, त्यांच्या लगतच्या पट्ट्या एकाच मुठीत येतात, म्हणजे दोन हातांत चार रिकामे डबे घेऊन माणूस आरामात चालतो. आणि रांग लावून हातोहात पुढं सरकवायचे असतील तर पहिल्यानं सोडायच्या आत दुसऱ्याला धरायला एक पट्टी मोकळी असते, डबा मध्ये खाली पडत नाही. म्हणजे बघा, हे डिझाइन करणाऱ्यानं डबा नुसता भरलेला डोळ्यासमोर ठेवला नाही, तो उचलणारा, देणारा, घेणारा आणि रिकामे परत नेणारा, सगळे धरले. ही परत नेणाऱ्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मग तोंड. झाकण आट्यांचं नाही. लिव्हर आहे, उचलली की झाकण बिजागरीवर मागं पडतं, दाबून खाली बसवली की खटकन आवाज येतो आणि आतलं वॉशर तोंडावर घट्ट बसतं, वरून एक छोटी पिन सरकवायची म्हणजे प्रवासात चुकून उघडत नाही. कुठलंही अवजार लागत नाही, हातमोजे घातलेले असले तरी चालतं, आणि झाकण डब्यालाच अडकलेलं असल्यामुळं हरवत नाही. तोंडाच्या आत एक बारीक नळी आहे, ती डब्याच्या वरच्या हवेच्या पोकळीपर्यंत जाते. ओतायला लागलं की इंधन बाहेर आणि त्याच वेळी त्या नळीतून हवा आत, त्यामुळं ते डबक-डबक करत अंगावर उडणं होत नाही, धार सरळ पडते.

अंग दोन दाबलेल्या पत्र्यांचं, मधून एकच वेल्डिंगची शिवण, आणि ती शिवण आत खोबणीत घेतलेली, म्हणजे डबे एकमेकांवर आदळले तरी मार शिवणीवर बसत नाही. बाजूची फुली शोभेची नाहीये, उन्हात आतलं पेट्रोल फुगलं की तो भाग थोडा बाहेर येतो, थंडीत आत जातो, आणि एरवी पत्र्याला ताठपणा देतो. आतून अस्तराचा थर आहे, गंज धरू नये म्हणून. हवेची पोकळी राखलेली असल्यामुळं भरलेला पेट्रोलचा डबा पाण्यावर तरंगतो, हे मी स्वतः टाकीत टाकून बघितलंय, तरंगतो. रिकाम्याचं वजन साधारण ४ किलोच्या वर, २० लिटर पेट्रोलचं १५ किलोच्या आसपास, म्हणजे भरलेला २० किलोला थोडा कमी. एका माणसानं एका हातात न्यायचं हेच जवळजवळ शेवटचं वजन.

हे सगळं १९३७ च्या सुमाराचं आहे. जर्मन सैन्याला इंधनासाठी एकच प्रमाण डबा हवा होता, विन्झेन्ट्स ग्र्यूनफोगेल या इंजिनियरच्या नावावर हे डिझाइन जातं, आणि दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच जर्मनांनी हजारो डबे गपचूप बनवून साठवले होते. १९३९ मध्ये पॉल प्लाइस नावाचा एक अमेरिकन इंजिनियर बर्लिनहून भारतापर्यंत मोटारीनं निघाला, जर्मन सोबत्यानं पाण्यासाठी म्हणून टेम्पेलहॉफ विमानतळावरच्या साठ्यातले तीन डबे गाडीत टाकले आणि नंतर डब्याचं सगळं मोजमापही त्याला सांगून टाकलं. एवढं घबाड हातात आलं आणि अमेरिकेत कुणाला त्यात सुरुवातीला रस नव्हता! पुढं त्याच डब्यासाठी सगळे धावले.

आता ज्याच्याशी तुलना करून बघायची तो डबा. ब्रिटिशांचा. ४ गॅलनचा, म्हणजे १८ लिटरचा, पातळ पत्र्याचा, डाग देऊन जोडलेला चौकोनी टिन. सैनिक त्याला फ्लिम्झी, म्हणजे तकलादू, म्हणायचे आणि वरच्या लोकांना वाटायचं की वापरा आणि फेका, स्वस्तात काम झालं. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात हे टिन ट्रकवर चढवले आणि खडकाळ वाटेनं निघाले की शिवणी सुटायच्या, थप्पीतले खालचे टिन वरच्यांच्या वजनानं चेपायचे, जहाजाच्या तळाशी पेट्रोल साठायचं आणि एका ठिणगीत जहाज जायची वेळ यायची. तिथले ब्रिटिश सेनापती जनरल ऑकिनलेक यांच्या अंदाजानं बंदरापासून आघाडीपर्यंत सरासरी ३० टक्के पेट्रोल वाटेतच जात होतं. ३० टक्के! म्हणजे दहा ट्रक निघाले तर तीन ट्रक वाळूला पाजायला. आणि ते तीन ट्रक आणणारं जहाज, जहाजाचं संरक्षण करणारी विनाशिका, तिचे खलाशी, सगळंच वाळूत. त्या टिनचा खरा चांगला उपयोग एकच झाला, तो अर्धा कापून त्यात वाळू भरायची, वर पेट्रोल ओतायचं, काडी लावायची आणि चहा उकळायचा. ब्रिटिश सैनिकांनी त्या जुगाडाला बेन्गाझी बर्नर म्हटलं. इंधनाचा डबा म्हणून नापास, शेगडी म्हणून पास.

त्यामुळं तिथं लढणाऱ्या ब्रिटिश आठव्या आर्मीच्या लोकांना जर्मन डबे सापडले की ते रणगाडा सापडल्यासारखे जपायचे. नंतर ब्रिटिशांनी मुकाट्यानं हुबेहूब तोच डबा बनवायला घेतला, एक रेघही न बदलता, आणि माझ्या मते हे त्यांचं त्या युद्धातलं सगळ्यात शहाणपणाचं कॉपीकाम.

पण इथं एक गंमत आहे आणि तीच मला या डब्याबद्दल सगळ्यात जास्त सांगायचीय. जगातला सगळ्यात भारी डबा ज्यांच्याकडं होता ते आफ्रिकेतल्या जर्मन सेनापती रोमेलचे लोक पेट्रोलअभावीच अडकले. लिबियातलं ट्रिपोलीचं बंदर ते इजिप्तमधलं अल् अलामेन हे अंतर रस्त्यानं २००० किलोमीटरच्या वर. मधली बंदरं लहान आणि ब्रिटिश विमानांच्या टप्प्यात. ट्रिपोलीला उतरलेलं पेट्रोल पुढं न्यायला ट्रक, आणि ट्रकला पेट्रोल, जायला आणि यायला. इतिहासकारांचा हिशोब असा की आफ्रिकेत उतरलेल्या इंधनातलं ३० ते ५० टक्के इंधन आघाडीपर्यंत पोचवण्यातच जळून जायचं. म्हणजे एकाचं गळून गेलं, दुसऱ्याचं वाहून नेण्यात गेलं, आणि आकडा बघाल तर सारखाच! जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक बंदर पडलं तेव्हा तिथला ब्रिटिश साठा आणि ब्रिटिश ट्रक रोमेलच्या हाती लागले, त्यावर तो इजिप्तमध्ये घुसला, म्हणजे शत्रूचं गोदाम हीच त्याची रसद. ऑगस्ट संपताना अल् अलामेनजवळच्या अलम् हल्फाची चढाई त्यानं केली ती टँकर जहाजं येतील या भरवशावर, ती जहाजं बुडाली, आणि काही दिवसांत माघार. डबा गळत नव्हता हो, पण डब्यात ओतायलाच काही नव्हतं.

हा हिशोब जुना आहे, पेट्रोलच्या कितीतरी आधीचा. एक ओझ्याचं जनावर घ्या, घोडा किंवा खेचर. पाठीवर साधारण १०० किलो. वाटेत चारा मिळणार नसेल तर दाणा आणि चारा मिळून दिवसाला १० किलोच्या आसपास ते स्वतःच खाणार, म्हणजे दहा दिवसांत पाठीवरचं सगळं त्याच्याच पोटात. रिकामं का होईना परत यायचं तर पाच दिवसांच्या पुढं जाऊच नये, आणि पाच दिवसांनी पोचलं तरी द्यायला काही उरलेलं नसतं. आता पाणीही नाही असं धरा, त्याला दिवसाला ३० लिटर तरी लागणार, मग अडीच दिवसांत खेळ खलास. इथं आणखी जनावरं लावून प्रश्न सुटत नाही, कारण प्रत्येक नवं जनावर आपलं तोंड घेऊनच येतं. म्हणून जुन्या काळातल्या मोठ्या सेना नदी धरून, किनारा धरून, पिकं उभी असतानाच चालायच्या, आणि जिथं यातलं काही नव्हतं तिथं कितीही मोठा सेनापती असो, वाट लागायची.

सिकंदराचंच घ्या. इ.स.पू. ३२५ मध्ये भारतातून परतताना मकरानच्या वाळवंटातून सेना निघाली, त्या भागाला तेव्हा गेड्रोशिया म्हणायचे. बेत असा होता की त्याच्या नेआर्कस या सरदाराचं आरमार किनाऱ्यानं चालेल, सेना आणि आरमार एकमेकांना धरून राहतील. मोसमी वाऱ्यानं आरमार अडकलं, दोघांची गाठच पडली नाही. मध्येच एके ठिकाणी धान्य मिळालं, ते सिकंदरानं स्वतःची मोहर लावून किनाऱ्याकडं आरमारासाठी पाठवलं, आणि ज्यांना पाठवलं त्यांनी, राखणदारांसकट, मोहरा फोडून वाटेतच खाऊन टाकलं. एरियन या ग्रीक इतिहासकारानं हे लिहून ठेवलंय, आणि हेही लिहिलंय की सिकंदरानं त्यांना माफ केलं. ज्याच्या मोहरेपुढं अर्धं जग वाकलं ती मोहर उपाशी माणसानं फोडली, यावर तो तरी काय बोलणार. मला त्याच्या सगळ्या लढायांत हा प्रसंग जास्त खरा वाटतो.

डब्याचं वजन हाही रसदीतलाच भाग, हे आपण विसरतो. रोमन लोकांचं स्पेनमधून येणारं ऑलिव्ह तेल ज्या गोल मातीच्या रांजणांतून यायचं त्यात ६०-७० लिटर तेल मावायचं आणि रिकाम्या रांजणाचं वजनच ३० किलोच्या घरात. म्हणजे जहाजावर दोन भाग तेल आणि जवळजवळ एक भाग माती. परत तेल मुरलेला रांजण दुसऱ्यांदा कामाचा नाही, फोडून टाकायचा. रोम शहरात त्या खापरांची एक आख्खी टेकडी आहे, मोन्ते तेस्ताच्चो, आजही ३५ मीटर उंच. मी फोटो बघितले तेव्हा पहिला विचार हाच आला की फ्लिम्झीवाल्यांचे हेच पूर्वज. पुढं रोमन लोकही लाकडी पिंपांकडं वळत गेले. रोममधल्या सम्राट ट्राजनच्या स्तंभावर, जो इ.स. ११३ चा आहे, सुरुवातीलाच डॅन्यूबच्या काठी होड्या आणि पिंपं कोरलेली दिसतात. मोहिमेचं शिल्प आणि त्याची सुरुवात पिंपांनी! पिंप गडगडत नेता येतं, फुटत नाही, परत भरता येतं. कुणीतरी तिथंही उचलणाऱ्याचा विचार केला होता.

नेपोलियनवर फार लिहीत नाही, त्याच्यावर सगळेच लिहितात. 'सैन्य पोटावर चालतं' हे वाक्य त्याच्या नावावर खपवतात आणि त्याच माणसानं १८१२ मध्ये ४ लाखांच्या वर माणसं घेऊन रशियाच्या सीमेवरची नेमन नदी ओलांडली, जड गाड्या रशियाच्या चिखलात रुतल्या, कच्चं हिरवं राय नावाचं धान्य खाऊन पहिल्याच आठवड्यांत हजारो घोडे मेले, बर्फ पडायला अजून कितीतरी अवकाश होता. लोक दोष थंडीला देतात. अन्न टिकवायच्या पद्धतीसाठी फ्रेंच सरकारनं १७९५ मध्ये १२,००० फ्रँकचं बक्षीस लावलं होतं, ते १८१० मध्ये निकोला अपेरला मिळालं, काचेच्या बाटल्यांसाठी, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंडनं पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. डबा उघडायचं ओपनर मात्र यायला आणखी चाळीसेक वर्षं लागली, तोवर छिन्नी-हातोडा, नाहीतर संगीन. वस्तू बनवणारे आणि वापरणारे यांची भेट न होण्याची ही परंपरा फार जुनी आहे, आणि इथंच मी माझ्या कापलेल्या अर्ध्या स्टारकडं येतो.

ओतायची नळी वेगळी विकत घ्यावी लागते आणि जी मिळते ती भिकार आहे. डब्याच्या तोंडाला झाकणासारखीच लिव्हरनं बसते, पण तिचं वॉशर असं काही कडक की पहिल्या वापरापासून सांध्यातून थेंब-थेंब गळतंय, हात आणि बूट डिझेलनं माखतात. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं की आणखी जोर लावून दाबा. जोर लावून लिव्हर वाकली. शेवटी मऊ रबराचं जाड वॉशर कापून बसवलं तेव्हा थांबलं. इतका विचार करून केलेला डबा आणि शेवटच्या अर्ध्या फुटात माती खाल्ली!

अमेरिकन सैन्यानं हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं. त्यांनी जर्मन डब्याचा आकार घेतला, तीन हँडलं घेतली, आणि बाकी सगळं 'सोपं' केलं. वेल्डिंगच्या जागी दुमडलेली शिवण, आतलं अस्तर काढून टाकलं, आणि लिव्हरच्या झाकणाऐवजी आट्यांचं, जे उघडायला पाना लागायचा आणि ओतायला नरसाळं. म्हणजे रात्री, पावसात, अंधारात, दिवा लावायची बंदी असताना आधी पाना शोधा मग नरसाळं शोधा. ज्यानं हा बदल कागदावर मंजूर केला त्याला एकदा तरी एक टाकी भरायला लावायला हवी होती.

तरीही १९४४ मध्ये फ्रान्सात जे झालं ते या डब्यांवरच झालं. जुलैअखेर नॉर्मंडीची कोंडी फुटली आणि सेना ठरल्यापेक्षा कितीतरी वेगानं पुढं गेली, बंदरं मात्र मागंच राहिली. शेरबुर्ग बंदर जर्मनांनी मोडतोड करून ठेवलं होतं, रेल्वे मित्रराष्ट्रांच्याच बॉम्बनी उद्ध्वस्त. मग २५ ऑगस्टला रेड बॉल एक्सप्रेस ही ट्रकांची वाहतूक सुरू झाली, एकेरी वाहतुकीचे दोन रस्ते, एक जायचा एक यायचा, दुसऱ्या कुणालाही त्यावर मज्जाव, ऐन भरात जवळजवळ ६००० ट्रक रात्रंदिवस. चालकांतले सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय अमेरिकन, ज्यांना त्या सैन्यात बंदूक द्यायला वरच्यांचा हात आखडायचा, आणि आख्खी आघाडी त्यांच्याच स्टिअरिंगवर. दिवसाला १२,००० टनांच्या वर माल जाईपर्यंत मजल गेली. आणि हे ट्रक स्वतः दिवसाला ३ लाख गॅलन पेट्रोल प्यायचे, परत तोच खेचराचा हिशोब. अमेरिकन जनरल पॅटनच्या तिसऱ्या आर्मीला दिवसाला ४ लाख गॅलन लागत होतं, ३० ऑगस्टला मिळालं ३२,०००. रणगाडे पूर्व फ्रान्समधल्या म्यूज नदीच्या आसपास उभे राहिले, समोर जर्मन फारसे नसताना. पॅटन चिडचिड करत बसला आणि आजही लोक वाद घालतात की पेट्रोल त्याला दिलं असतं तर काय झालं असतं. पेट्रोल होतं हो, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ढिगानं होतं, तिथून म्यूजपर्यंतचे शेकडो किलोमीटर हाच सगळा प्रश्न होता.

रशियाविरुद्धच्या क्रायमियाच्या युद्धात १८५४ च्या हिवाळ्यात तर हे अंतर जेमतेम दहा-बारा किलोमीटरचं होतं. बालाक्लावा बंदरात ब्रिटिश जहाजं मालानं भरलेली आणि वर सेव्हास्तोपोलसमोर सैनिक उपाशी, कुडकुडत, कारण मधला रस्ता चिखलाचा आणि जनावरं चाऱ्याविना मेलेली. वर पोचली कॉफी, तीही न भाजलेली, हिरवी. भाजायला लाकूड नाही, दळायला काही नाही. पुढच्या वर्षी काही आठवड्यांत रेल्वे टाकली तेव्हा चित्र पालटलं.

पानिपतावर आपण इतकं बोलतो, पण भाऊसाहेबांच्या छावणीची कोंडी बघा, डिसेंबर १७६० मध्ये रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, धान्याची वाट तुटली, बिनलढाऊ माणसांचा प्रचंड जमाव सोबत, आणि १४ जानेवारीला सेना बाहेर पडली ती उपासमारीनं दुसरा मार्गच उरला नव्हता म्हणून. तोफखान्याची चर्चा मी नंतर ऐकतो, आधी दाणागोटा सांगा.

आता ती मघाची परत नेणाऱ्याची गोष्ट. फ्रान्समध्ये १९४४ च्या शरदात पेट्रोलइतकीच टंचाई डब्यांची झाली. लाखो डबे गायब! सैनिक टाकी भरायचे आणि रिकामा डबा रस्त्याकडेला भिरकावून पुढं, कारण पुढं पळायची घाई आणि रिकाम्या डब्याला कोण सांभाळतो. काहींचे खंदकात बसायला स्टूल झाले, काहींच्या चिखलात पायवाटा झाल्या. पण पाइपलाइननं आलेलं पेट्रोल शेवटी डब्यातच भरून पुढं जायचं, आणि डबा नाही म्हणजे पेट्रोल असून नाही. शेवटी फ्रेंच जनतेला हात जोडले, शाळकरी मुलांना बक्षिसं लावली, मुलांनी खेड्यापाड्यांतून डबे गोळा करून आणले. नोव्हेंबर १९४४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी या डब्यांशिवाय फ्रान्समधून इतक्या वेगानं मुसंडी मारणं शक्यच नव्हतं अशा अर्थाचं जाहीर कौतुक केलं, त्याच दिवसांत त्यांची सेना तेच डबे गटारातून वेचत होती.

हे वाचताना मला भारी हसू येतं कारण माझाही तोच अनुभव आहे, भरलेला डबा मागायला लोक तत्परतेनं येतात, रिकामा परत करायला कुणी येत नाही. एक तर एका ओळखीच्यांच्या गॅरेजात दार अडवायला ठेवलेला सापडला. तो उचलून आणला.

डबाच नको, असाही मार्ग निघाला होता. १९४४ मध्ये जपानी सेना इम्फाळवर आली ती सुमारे तीन आठवड्यांची शिदोरी घेऊन, पुढचं ब्रिटिशांच्या कोठारातून मिळेल या हिशोबानं. इम्फाळ एप्रिल ते जून वेढ्यात होतं, पण रसद आकाशातून येत राहिली आणि कोठारं हाती लागली नाहीत. त्या काळात ब्रिटिशांच्या चौदाव्या आर्मीकडं रेशमी पॅराशूट पुरेनात तेव्हा जनरल स्लिम यांच्या लोकांनी कलकत्त्याच्या तागाची पॅराशूट शिवून घेतली, माणसासाठी नव्हे, पण पोत्यासाठी चालायची. हे मला जेरीकॅनच्याच तोडीचं काम वाटतं, फरक एवढाच की ते परत आणायची गरजच ठेवली नाही.

बरं, परत वस्तूकडं. प्लॅस्टिकचा कॅन पण माझ्याकडं आहे. हलका, गंज नाही, स्वस्त. पण उन्हात फुगतो आणि मग तळाला गोल होऊन डुगडुगतो, पेट्रोलचा वास बंद झाकणातूनही येत राहतो, आणि गाडीच्या कॅरियरवर आवळून बांधला की पट्ट्याखाली चेपतो. घराच्या मागं एका जागी ठेवायचा असेल तर तो पुरे. हलणार असेल, आदळणार असेल, तर लोखंडी.

लोखंडीचे तोटे पण ऐका. आतलं अस्तर एकदा खरवडलं गेलं की तिथून गंज सुरू होतो आणि ती लाल पूड थेट फिल्टरमध्ये जाते, म्हणून आत तार किंवा काठी घालून ढवळू नका. अर्धा भरून महिनोन्महिने ठेवू नका, रिकाम्या भागात दमट हवा आत पाणी धरते. वॉशर कडक होतंच, वर्ष-दोन वर्षांत बदलायचं हे गृहीत धरा. उन्हात राहिलेला डबा उघडताना लिव्हर एकदम सोडू नका, हळू उचला, आधी फुस्स करून वाफ जाऊ द्या. भरताना डबा जमिनीवर ठेवूनच भरा, गाडीत ठेवून नाही, स्थिर विजेची ठिणगी पडायला वेळ लागत नाही. काठोकाठ भरू नका, ती वरची पोकळी तुमच्यासाठीच ठेवलीय. आणि भरलेला डबा माणसं बसतात त्या भागात ठेवायचा नाही, बाहेर किंवा मागं, उभा आणि बांधलेला.

पेट्रोल, डिझेल आणि पाणी यांचे डबे कायम वेगळे. खूण लांबून दिसेल अशी करा. जर्मनांनी त्यांच्या पाण्याच्या डब्यांवर पांढऱ्या रंगाची मोठी फुली मारायला सुरुवात केली ती उगाच नाही, तहानेला आलेल्या माणसाला अंधारात वास घेऊन ठरवायला लावणं बरं नव्हे.

घेताना तीन गोष्टी बघा. झाकण उघडून आत टॉर्च मारा, थर सगळीकडं एकसारखा आहे का आणि हवेची नळी आहे का, स्वस्त नकलांत ती नळीच गायब असते आणि मग तुम्ही डब्याच्या आकाराचा फ्लिम्झी घेऊन आलात. शिवण बाहेर आलेली नसून खोबणीत आहे का ते बोट फिरवून बघा. आणि दुकानातच थोडं पाणी भरून, झाकण लावून, डबा आडवा पाडून ठेवा, पाच मिनिटं गप्पा मारा, मग खाली ओल आहे का बघा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे. नळी मात्र तिथली घेऊ नका, पारदर्शक जाड होज आणि चांगला क्लॅम्प वेगळा आणून जोडा. सुटे वॉशर चार-पाच त्याच वेळी घेऊन ठेवा, नंतर नेमक्या त्या मापाचे मिळता मिळत नाहीत.